थेरॅक-२५ : कळफलक, किरणमात्रा आणि ‘चालकाची चूक’

प्रस्तावना

वैद्यकीय उपकरणांच्या इतिहासात ‘थेरॅक-२५’ या किरणोपचार यंत्राचा उल्लेख बहुधा सदोष संगणक आज्ञावलीचे उदाहरण म्हणून केला जातो. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथे या यंत्राने सहा कर्करुग्णांना विहित मात्रेच्या कितीतरी पट किरणमात्रा दिली. त्यांपैकी किमान तिघांचा मृत्यू त्यामुळे ओढवला. आज्ञावलीत दोष होता हे निर्विवाद आहे. तथापि तो दोष जेथे प्राणघातक ठरला, ती जागा म्हणजे तंत्रज्ञाची बोटे, कळफलक आणि पडद्यावरील संदेश यांच्यातील व्यवहार होय. प्रस्तुत लेखात या घटनाक्रमाकडे त्या बाजूने पाहिले आहे.

यंत्र आणि त्यातील बदल

अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या कंपनीने थेरॅक-२५ चा पहिला नमुना १९७६ मध्ये तयार केला आणि १९८२ च्या अखेरीस ते विक्रीस आणले. एकूण अकरा यंत्रे बसविण्यात आली : पाच अमेरिकेत, सहा कॅनडात. हे यंत्र दोन प्रकारे उपचार करीत असे. उथळ गाठीसाठी इलेक्ट्रॉनांचा झोत थेट वापरला जाई. खोलवरच्या गाठीसाठी क्ष-किरण निर्माण केले जात. क्ष-किरणांसाठी इलेक्ट्रॉन झोत सुमारे शंभरपट तीव्र करावा लागे आणि त्याच्या मार्गात धातूचे लक्ष्य व झोत समतल करणारी गाळणी आणावी लागे. हे भाग एका फिरत्या तबकावर बसविलेले होते. तीव्र झोत सुरू असताना तबक चुकीच्या स्थितीत राहिले, तर तो झोत कोणत्याही आडकाठीविना रुग्णाच्या शरीरावर पडणार, हे उघड आहे.

आधीच्या थेरॅक-२० मध्ये अशा प्रसंगी झोत रोखणारी स्वतंत्र विद्युत व यांत्रिक अटकाव-यंत्रणा होती. नव्या यंत्रात ही जबाबदारी मुख्यत्वे आज्ञावलीवर सोपविण्यात आली. १९८३ मध्ये कंपनीने केलेल्या सुरक्षा-विश्लेषणात आज्ञावलीतील दोषांचा जवळजवळ विचारच नव्हता; संगणक चुकीची ऊर्जा निवडण्याची संभाव्यता दहाचा उणे अकरावा घात इतकी नोंदविण्यात आली होती. हा आकडा कशाच्या आधारे काढला, याचे समाधानकारक स्पष्टीकरण त्यात नव्हते. इतकी नेमकी दिसणारी संख्या वाचकाच्या मनातील शंका शमविते, हा तिचा खरा धोका.

मानवी घटकांच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा बदल वरवर किरकोळ वाटावा असा होता. मूळ आराखड्यानुसार उपचाराची माहिती दोन वेळा भरावी लागे : एकदा उपचारकक्षात यंत्रापाशी आणि पुन्हा बाहेरच्या नियंत्रणफलकावर. दोन्ही नोंदी जुळल्या तरच यंत्र पुढे जाई. यात फार वेळ जातो, अशी तक्रार तंत्रज्ञांनी केली. ती रास्त होती. दिवसभर रुग्णांची रांग असणाऱ्या विभागात तीच माहिती दोनदा टंकित करणे जाचकच. कंपनीने उपाय केला तो असा, की नियंत्रणफलकावर केवळ ‘रिटर्न’ कळ दाबली की आधीची नोंद जशीच्या तशी उतरावी. काम सुलभ झाले, पण दुसरी नोंद ही पडताळणी होती, ती राहिली नाही. तंत्रज्ञांनी मागितला होता वेळ. त्यांना वेळ देताना पडताळणी काढून घेतली जात आहे, याची चर्चा झाल्याचे दिसत नाही.

टायलर येथील दोन घटना

२१ मार्च १९८६ रोजी टेक्सास राज्यातील टायलर येथील कर्करोग केंद्रात एका अनुभवी तंत्रज्ञ महिलेने इलेक्ट्रॉनसाठीच्या अक्षराऐवजी क्ष-किरणांचे अक्षर टंकित केले. बहुतेक उपचार क्ष-किरणांचेच असल्याने ही सवयीची चूक होती. ती लगेच लक्षात आली. वरच्या बाणाच्या कळीने कर्सर मागे नेऊन तिने अक्षर दुरुस्त केले, ‘रिटर्न’ कळ भराभर दाबून बाकीच्या नोंदी कायम केल्या आणि पडद्याने सर्व नोंदी पडताळल्याचे दाखविल्यावर झोत सुरू केला. यंत्र थांबले आणि पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ अशी अक्षरे उमटली.

यंत्रावर लावलेल्या कागदावर या क्रमांकाचा अर्थ ‘डोस इनपुट २’ एवढाच दिला होता. शिवाय पडद्यावरील आकडा विहित मात्रेपेक्षा फारच कमी मात्रा दिली गेल्याचे दाखवीत होता. असे संदेश या यंत्रावर नित्याचे होते. यंत्राने गंभीर बिघाड मानला तर सर्व माहिती पुन्हा भरावी लागे; येथे मात्र त्याने नुसता ‘विराम’ घेतला होता आणि विरामानंतर एक कळ दाबून पाच वेळांपर्यंत पुढे जाण्याची मुभा होती. तिने ती कळ दाबली. आतील रुग्ण पहिल्या आघातानंतर उठण्याच्या प्रयत्नात असतानाच दुसरा आघात झाला. कक्षातील चित्रपडदा आणि ध्वनियंत्रणा त्या दिवशी बंद होती. रुग्णाने दार ठोठावले तेव्हाच बाहेर कळले. त्याला सुमारे एक सेंटिमीटर क्षेत्रावर, एका सेकंदाहून कमी वेळात, १६,५०० ते २५,००० रॅड मात्रा मिळाली असावी, असे पुढे अनुमान काढण्यात आले. विहित मात्रा १८० रॅड होती. पाच महिन्यांनी त्याचा मृत्यू झाला.

कंपनीच्या अभियंत्यांना दोष पुन्हा घडवून आणता आला नाही. अतिरिक्त मात्रा मिळणे शक्यच नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. यंत्र ७ एप्रिलला पुन्हा सुरू झाले आणि ११ एप्रिलला त्याच तंत्रज्ञाच्या हातून तोच क्रम, तोच संदेश आणि दुसरा रुग्ण. तीन आठवड्यांत तो दगावला.

उलगडा केला तो केंद्रातील भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी, आणि या तंत्रज्ञ महिलेने. तिला कळांचा क्रम आठवत होता. दोघांनी तो पुन्हा पुन्हा करून पाहिला आणि अखेर संदेश हुकमी उमटू लागला. मर्म वेगात होते. चुंबक स्थिर होण्यास सुमारे आठ सेकंद लागत. त्या अवधीत नोंद बदलली तर पडद्यावर बदल दिसे, परंतु यंत्राच्या एका भागापर्यंत तो पोहोचत नसे. चाचणी घेणारे अभियंते सावकाश टंकित करीत असल्याने त्यांना दोष दिसला नव्हता. ज्या कौशल्यामुळे ही तंत्रज्ञ उत्तम कर्मचारी ठरत होती, तेच कौशल्य आराखडा करणाऱ्यांनी गृहीत धरले नव्हते. ‘चालकाची चूक’ हा शब्दप्रयोग येथे अपुराच नव्हे, तर दिशाभूल करणारा ठरतो. तिची चूक तिने स्वतःच सुधारली होती.

उपाययोजना

१५ एप्रिलच्या पत्राने कंपनीने रुग्णालयांना कळविलेला तातडीचा उपाय असा : वरच्या बाणाच्या कळीचे टोपण काढून टाकावे आणि तिचे संपर्कबिंदू चिकटपट्टीने अलग ठेवावेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे महिन्यात यंत्र सदोष ठरवून सुधारणा-आराखडा मागितला. तो पुन्हा पुन्हा सुधारला जात असतानाच १७ जानेवारी १९८७ रोजी वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथे सहावी दुर्घटना घडली. त्या वेळी दोष आज्ञावलीच्या वेगळ्याच भागात निघाला. कळ बंद केल्याने तो टळणार नव्हता. त्यानंतर नियमित वापर थांबविण्याची शिफारस झाली. अंतिम आराखड्यात सांकेतिक क्रमांकांऐवजी अर्थपूर्ण संदेश आले आणि आज्ञावलीपासून स्वतंत्र अशी अटकाव-यंत्रणा बसविण्यात आली.

नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या प्रकरणाचा सविस्तर शोध प्रसिद्ध केला. त्यातील शिकागो विद्यापीठाशी संबंधित एक नोंद विशेष बोलकी आहे. तेथे जुने थेरॅक-२० शिकवण्यासाठी वापरले जाई. विद्यार्थ्यांची नवी तुकडी आली की यंत्राचे फ्यूज वारंवार उडत. विद्यार्थी रुळले की ते कमी होई. टायलरची बातमी कळल्यावर तेथील भौतिकशास्त्रज्ञाने तपासले, तेव्हा तोच दोष थेरॅक-२० च्या आज्ञावलीतही आढळला. नवशिके विद्यार्थी कळा वेड्यावाकड्या क्रमाने दाबत, दोष जागा होई आणि फ्यूज उडून झोत बंद पडे. कोणालाही इजा झाली नव्हती, त्यामुळे कोणी कारण शोधले नव्हते. फ्यूज बदलून काम पुढे चालू राही.