मेंडेलियन रँडमायझेशन: तेल, जनुकं आणि कॅन्सर
‘अमुक तेल खाल्लं की कॅन्सर होतो’ असे फॉरवर्ड तुम्हालाही आले असतील. हे तपासणं सोपं नाही. तळलेलं जास्त खाणारा माणूस कदाचित सिगारेटही ओढत असेल. मग दोष कुणाचा?

यावरची एक युक्ती म्हणजे मेंडेलियन रँडमायझेशन. आई-वडिलांकडून जनुकाचं कोणतं व्हर्जन येणार, हे नाणेफेकीसारखं ठरतं. त्यात आपल्या सवयींचा हात नसतो. थोडक्यात, निसर्गाने केलेली ए/बी टेस्ट.

उदाहरण घ्या ११व्या गुणसूत्रावरच्या फॅड्स-१ आणि फॅड्स-२ या जनुकांचं. शरीर यांच्या मदतीने ओमेगा-६ पासून अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिड बनवतं. ज्यांच्यात ते जन्मतःच जास्त बनतं, त्यांच्यात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका जास्त असल्याचं २०२३ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं.

मग तेल बंद करायचं का? नाही. हा पुरावा रक्तातल्या फॅटचा आहे, ताटातल्या तेलाचा नाही. शिवाय ही जनुकं एकाच वेळी अनेक फॅट्सचं प्रमाण बदलतात, त्यामुळे खरा दोषी वेगळा काढणं कठीण जातं.

म्हणून ‘डीएनएवरून सिद्ध झालं’ असं वाचलं, की आधी बघा: ते जनुक नेमकं काय बदलतं?