दहा बाय बाराच्या खोलीतील लोहमार्ग

सदाशिव पेठेत जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींमध्ये केवळ छंदासाठी एक खोली राखून ठेवणे ही चैनच. ती मिळालीच तर बहुधा दहा फूट बाय बारा फुटांची, एक दार, एक खिडकी आणि भिंतीतील कपाट असलेली असते. अशा खोलीत छोट्या रेल्वेचा मार्ग मांडायचा झाल्यास पहिली खरेदी इंजिनाची नव्हे, तर आलेखाच्या कागदाची करावी. कागदावरची चूक खोडरबराने पुसता येते. फळीवर रूळ ठोकल्यानंतरची चूक महाग पडते.

पुणेकरांना हा छंद नवा नाही. पेठेतून नदी ओलांडून कोथरूडकडे जाताना कर्वे रस्त्यावर भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. तेथील गाड्या १:८७ या प्रमाणात, म्हणजे ‘एचओ’ मापात धावतात. ते पाहून घरी परतलेल्याचा पहिला मोह ‘सगळेच हवे’ हा असतो. आराखड्याचे खरे काम मात्र काय वगळायचे ते ठरवण्याचे आहे.

गाडीची लांबी आधी

पुणे ते शिवाजीनगर हे अंतर दोन किलोमीटरांहून अधिक आहे. ते १:८७ प्रमाणात हुबेहूब मांडायचे तर २३ मीटरांहून लांब दालन लागेल. नेहमीचा निळा प्रवासी डबा बफरसह सुमारे २२.३ मीटर लांब असतो. त्याची प्रतिकृती २६ सेंटिमीटरांची होते. चोवीस डब्यांची गाडी सहा मीटरांवर जाते आणि खोलीची मोठी भिंत तर जेमतेम ३.६५ मीटरांची! त्यामुळे सहा-सात डब्यांवर समाधान मानावे लागते. त्यात कमीपणा काहीच नाही. १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणीही आरंभी सात डब्यांचीच होती. लांब गाडीचाच आग्रह असेल, तर १:१६० प्रमाणाचे ‘एन’ माप निवडावे. त्यात रुळांतील अंतर ९ मिलिमीटर, तर डबा १४ सेंटिमीटरांचा असतो.

वळण आणि हाताची पोच

वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या तिप्पट असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. ‘एचओ’साठी ती सुमारे ३० इंच भरते. खोलीच्या मधोमध चार बाय आठ फुटांचे टेबल मांडल्यास जास्तीत जास्त २२ इंचांची त्रिज्या मिळते. फेरी जेमतेम १९-२० फुटांची होते आणि माणसाला फिरायला जागा उरत नाही. त्याऐवजी चारही भिंतींना धरून अरुंद फळ्या बसवल्यास ३० इंचांची वळणे साधतात आणि फेरी सुमारे ३७ फुटांची होते. प्रत्यक्षाच्या हिशेबात हे अंतर जवळजवळ एक किलोमीटर. ताशी ६० किलोमीटरांच्या प्रमाणबद्ध वेगाने फेरीला एक मिनिट लागेल. दारापाशी दुकानाच्या गल्ल्याला असते तशी उचलती फळी ठेवावी. कोणताही सांधा काठापासून ३० इंचांपेक्षा आत नसावा. गाडी घसरते ती नेमकी हात न पोहोचणाऱ्या जागी!

चढाचा हिशेब

एक मार्ग दुसऱ्यावरून न्यायचा तर सुमारे तीन इंच उंची गाठावी लागते. पन्नासास एक अशा सौम्य चढाने त्यासाठी साडेबारा फूट लागतात आणि उतरण्यासाठी तितकेच. ३७ फुटांतील २५ फूट असे गेले, की सपाट स्थानकाला बारा फूटच उरतात. त्यातूनच वळणे आणि सांधेही बसवायचे असतात. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोर घाटात चढ ३७ मध्ये एक आहे आणि आजही गाडीला मागून जोर देणारी इंजिने लागतात. मूळ मार्गावर खंडाळ्याजवळ उलटफेरीचे स्थानक होते. गाडी तेथे थांबून उलट दिशेने पुढचा चढ चढे. १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर ते बंद पडले. अरुंद जागेत उंची कशी गाठावी, याचा तो उत्तम धडा आहे.

या रचनेचा आणखी एक फायदा विजेच्या दृष्टीने आहे. छोट्या गाडीला १२ व्होल्टचा प्रवाह दोन रुळांतून मिळतो. मार्ग गोल फिरवून पुन्हा स्वतःलाच जोडला, तर डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्टसर्किट होते. तेथे रुळांचा एक तुकडा दोन्ही टोकांना विजेपासून तोडून स्वतंत्रपणे जोडावा लागतो. उलटफेरीच्या मार्गात ही अडचण येत नाही.

खोलीला साजेसा मार्ग

१९०७ मध्ये सुरू झालेली नेरळ–माथेरान गाडी दोन फुटी मार्गावर, छोट्या डब्यांनिशी तीव्र वळणे घेत चढते. मोठ्या मार्गाची वळणे खोलीत नाइलाजाने आवळावी लागतात. माथेरानची मुळातच आवळलेली आहेत. कमी जागा असलेल्यांनी तिचा विचार अवश्य करावा.

शेवटची सूचना पेठेतील रहिवाशांसाठी विशेष महत्त्वाची. इमारतींचा पुनर्विकास येथे नित्याचा झाला आहे. संपूर्ण मांडणी अखंड केल्यास घर बदलताना ती कापावीच लागते आणि वर्षांचे श्रम भंगारात जातात. म्हणून फळी चार-चार फुटांच्या भागांत करावी, भाग नटबोल्टने जोडावेत, तारांना प्रत्येक सांध्याशी सुटणारे जोड द्यावेत आणि सर्वांत मोठा भाग जिन्याच्या वळणावरून उतरेल का, हे आराखडा काढतानाच मोजून पाहावे.