आपट्याचं स्टेशन, करपा आणि एक जुनी वायर

मंडळी, 'दिलवाले दुल्हनिया'चा शेवट आठवतोय ना? चालती गाडी, दारातून पुढे आलेला हात आणि प्लॅटफॉर्मवरून धावणारी काजोल. १९९५ सालच्या त्या सिनेमातलं हे स्टेशन पंजाबातलं वगैरे काही नाही. ते आपलं पनवेलच्या पुढचं, दिवा-रोहा लायनीवरचं आपटा! माझ्या मामाचं गाव. लहानपणी मला त्याचा कोण अभिमान होता म्हणून सांगू...

पण आज सिनेमावर लिहायचं नाहीये. आज लिहायचंय भातावर, आणि मी केलेल्या एका घोळावर.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मामा भाताला दरवर्षी ठरलेला युरिया टाकायचा. मी नोकरीला लागलेलो, हातात पैसे खुळखुळत होते. दुप्पट पोती घेऊन दिली. इनपुट डबल, आउटपुट डबल! इंजिनिअर माणूस, दुसरं काय सुचणार? ऑगस्टमध्ये शेत असं हिरवंगार झालं की मी फोटो काढून मित्रांना पाठवले. सप्टेंबर संपता संपता फोन आला, "अरे, करपा आला." जाऊन बघितलं तर लोंब्यांच्या माना काळ्या पडून मोडलेल्या, दाणे पोचट. मामा एवढंच म्हणाला, "होतं असं कधीकधी." युरियाचं नाव नाही काढलं त्याने. ते मला नंतर कृषी सहायकांकडून कळलं. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात, पीक दाटतं, आत दव टिकतं आणि करप्याला रान मोकळं.

अपराधी वाटलं की मी वाचत बसतो. तेव्हाही तेच केलं.

करपा ही एक बुरशी. तिची नोंद चीनमध्ये १६३७ सालची सापडते. आपल्याकडे १९१९ मध्ये तंजावरच्या खोऱ्यात तिची मोठी साथ आली. योगायोग बघा, आपट्यापासून फार लांब नसलेलं कर्जतचं भात संशोधन केंद्रही १९१९ सालचंच.

ही बुरशी पानात शिरते कशी? तिचा बीजाणू ओल्या पानावर पडतो, त्याला कोंब फुटतो आणि कोंबाच्या टोकाला एक घुमटासारखी पेशी तयार होते. तिच्यात दाब वाढत जातो. किती, तर हवेच्या दाबाच्या जवळजवळ ८० पट! (१९९१ मध्ये शास्त्रज्ञांनी मोजला.) म्हणजे आपल्या कारच्या टायरमध्ये असतो त्याच्या पस्तीस-चाळीस पट. त्या जोरावर ती पानाला अक्षरशः भोक पाडते.

पण घुमट बांधायची ऑर्डर कोण देतं? हे उत्तर ज्या रस्त्याने सापडलं तो रस्ता भाताच्या शेतातून जातच नाही. तो जातो बेकरीतून!

पाव फुगवणारं यीस्ट हीसुद्धा एक बुरशीच. तिच्यात दोन 'स्थळं' असतात, 'ए' आणि 'अल्फा'. १९५६ मध्ये लेव्ही नावाच्या संशोधकाने दाखवलं की यातली एक जात पाण्यात विरघळणारं काहीतरी सोडते आणि ते लागलं की दुसरी जात आकार बदलते, लांबट होते. पुढे कळलं की अल्फाचा हा निरोप म्हणजे फक्त १३ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी. तो पोचला की समोरची पेशी आधी स्वतःचं विभाजन थांबवते, म्हणजे वाढ बंद, आणि मग जोडीदाराच्या दिशेने टोक काढते. आता परत ते स्टेशन आठवा. दारातून पुढे आलेला हात! :)

हा निरोप आत कसा जातो, हे शोधण्यात पुढची बरीच वर्षं गेली. लग्नच न जमणारी यीस्टं जमवायची आणि त्यांच्यात काय बिघडलंय ते बघायचं, अशी पद्धत. (म्हणजे आपलं डीबगिंगच.) लेलँड हार्टवेल, ज्यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं, तेही या कामात होते. १९९०च्या सुमारास चित्र बरंचसं स्पष्ट झालं. पेशीच्या बाहेर एक ग्राहक, आत लगोलग तीन प्रथिनं, पहिलं दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, आणि तिसरं केंद्रकाकडे हुकूम पोचवतं. मी याला आपलं 'वायर' म्हणतो. १९९३ मध्ये असंही दिसलं की याच वायरचा काही भाग यीस्ट अन्न शोधताना तंतूसारखं वाढण्यासाठीही वापरतं. लग्न आणि वाढ, दोन्हीला एकच वायरिंग!

आणि मग १९९६. अमेरिकेत जिन-रोंग शू आणि जॉन हॅमर यांनी करप्याच्या बुरशीत त्याच तिसऱ्या प्रथिनाचा भाऊबंद शोधला. नाव ठेवलं पीएमके-१. तो काढून टाकला तर बुरशीला घुमट बांधता येईना, भातात वाढता येईना. करपा संपला! कमाल पुढेच आहे. हाच पीएमके-१ त्यांनी लग्न न जमणाऱ्या यीस्टमध्ये घातला, आणि त्याचं लग्न जमलं. थोडक्यात, पावाच्या यीस्टमध्ये जी वायर जोडीदार शोधते, तीच वायर भातात खून करते.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, दुसऱ्या एका गटाने आणखी भन्नाट प्रयोग केला. यीस्टची ती १३ अमिनो आम्लांची प्रेमाची चिठ्ठी त्यांनी थेट करप्याच्या बुरशीला दिली. बुरशीतही दोन जाती असतात. त्यातल्या एका जातीने घुमट बांधणंच सोडलं आणि तिच्यापासून रोपं वाचली. दुसऱ्या जातीने चिठ्ठीला भीक घातली नाही, कारण ती तिच्यासाठी नव्हतीच.

गंमत म्हणजे भाताच्या शेतातला करपा लग्न जवळपास करतच नाही. तो बीजाणू उधळत जातो, बस. त्याच्या कुळातल्या बुरशीचं मीलन माणसाने पाहिलं तेही १९७१ मध्ये प्रयोगशाळेत. तरी वायर टिकून आहे, कारण तिला दुसरं काम लागलंय. आपल्या ऑफिसात नसतो का एखादा जुना कोड? मूळ फीचर कधीच बंद झालेलं, पण हात लावायची सोय नाही, कारण अर्धी सिस्टिम त्यावर चालते! २०१८ मध्ये तर कळलं की भाताच्या एका पेशीतून दुसऱ्या पेशीत शिरतानाही करपा पीएमके-१च वापरतो.

मग ही वायर कापणारं औषध मारलं की झालं? इथेच मेख आहे. अशाच तीन प्रथिनांच्या साखळ्या तुमच्या-माझ्या पेशींतही आहेत आणि आपल्या वाढीचे हुकूम त्यांच्यावरूनच जातात. बुरशीची कापायची, आपली नाही, एवढा नेम साधायला हवा.

तोवर शेतात जुनीच शहाणपणाची कामं. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ घालून त्यात बियाणं बुडवायचं, तरंगणारं फेकून द्यायचं. आणि युरिया बेताने, हप्त्याहप्त्याने.

गेल्या दसऱ्याला आपट्याला गेलो होतो. मामाने आपट्याचं पान हातात ठेवलं, "घे, सोनं." मी धीर करून म्हटलं, "मामा, तो त्या वर्षीचा करपा... माझ्या युरियामुळे होता."

"ठाऊक होतं रे मला."

"मग टाकलास कशाला?"

"तू एवढ्या हौसेने पाठवलेलास. नको कसं म्हणायचं भाच्याला?"

यावर मी काय बोलणार? असो. येताना गाडीला वेळ होता, प्लॅटफॉर्मवर बसून राहिलो. समोरच्या शेतात भात पिवळं पडायला लागलं होतं. या वर्षी माना शाबूत होत्या.