नदीचा मासा नदीला

आंबोलीला उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत घटप्रभेला मिळते. १९५६ साली राज्यपुनर्रचनेने माणसांत सीमारेषा ओढली. माशांना ती कधी कळली नाही. त्यांची वाट अडली ती बांधांनी. घटप्रभेवर धुपदाळचा बंधारा १८९७ साली आणि हिडकलचे धरण १९७७ साली पुरे झाले. त्यांनी आपली शिवारे भिजवली, हे विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु या पाण्याचा एक हिशेब मांडायचा राहून गेला आहे.

दख्खनच्या नद्यांतील मानाचा मासा म्हणजे महासीर. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील या माशाचे 'बार्बस खुद्री' या नावाने शास्त्रीय वर्णन केले. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध चढतो आणि स्वच्छ, वाहत्या पाण्यातील खडीवर अंडी घालतो. परदेशातील सामन माशाचीही हीच रीत. धरण झाले की वाट तुटते, खडी साचल्या पाण्याखाली बुडते.

यावर एक उपाय महाराष्ट्रातच झाला. १९७० च्या सुमारास मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्याला टाटांच्या जलविद्युत तलावातील महासीराची अंडी काढून, कृत्रिमरीत्या फलित करून पिले वाढवली. पुढे लोणावळ्याची लाखो पिले देशभरच्या पाण्यांत गेली. हे कार्य थोर खरे; पण कावेरीत त्याची दुसरी बाजू दिसली. तिथे बाहेरून सोडलेला खुद्री माजला आणि तिचा स्वतःचा वाशिंडाचा महासीर आटत गेला. त्या माशाची नेमकी शास्त्रीय ओळख पटली २०१८ साली. त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

अमेरिकेत क्लॅमथ नदीवरील चार धरणे २०२४ पर्यंत काढून टाकली, आणि त्याच शरद ऋतूत सामन वरच्या पाण्यात पोहोचले. हिडकल पाडा, असे आपण कोणी म्हणणार नाही. त्यावर आपली चूल पेटते. मात्र महाडजवळच्या वाळणकोंडीत महासीर देवीचे मानून कोणी धरीत नाही, आणि तिथे ते निर्धास्त वावरतात. त्यासाठी ना कारखाना लागला, ना अनुदान.

आपल्या वरच्या खोऱ्यांतही एखादा वाहता, खडीचा पट्टा दोन्हीकडच्या गावांनी असाच राखावा. पिले सोडायचीच तर त्याच नदीच्या माशांची सोडावीत. सीमेचा वाद न्यायालयात चालू आहे. नदीला तेवढी सवड नाही.