पोथी, कंदील आणि पडदा

घरातील छायाचित्रे आणि चलचित्रे एका पडद्यावर ठरावीक अंतराने आपोआप पुढे सरकत राहतील अशी व्यवस्था आज एखादा जुना मॉनिटर, २०१२ साली बाजारात आलेल्या रास्पबेरी पायसारखा तळहातावर मावणारा संगणक आणि मेमरी कार्ड एवढ्या सामग्रीत उभी करता येते. तंत्र नवे असले तरी चित्रामागून चित्र दाखवून प्रेक्षकाला खिळवून ठेवण्याचा व्यवसाय मराठी मुलखाला जुनाच आहे, आणि त्याच्या इतिहासात खरा प्रश्न चित्र कोण काढतो हा नसून, पुढचे चित्र केव्हा यावे हे कोण ठरवतो हा आहे.

पुढे ज्याच्या सहलीचे उदाहरण येणार आहे ते दौलताबाद ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातील पैठणच्या नावाने ओळखली जाणारी एकोणिसाव्या शतकातील कागदी चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जतन केलेली आहेत. ती चित्रकथींची, म्हणजे चित्रे दाखवत रामायण-महाभारतातील आख्याने सांगणाऱ्या फिरत्या कथेकऱ्यांची. हीच कला सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने आजवर टिकवली असून तेथे एका आख्यानाच्या चित्रांच्या संचाला ‘पोथी’ म्हणतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात आणि वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीने कथेकरी एकेक पान समोर धरतो. श्रोते रंगले तर पान थांबते, कंटाळले तर उलटते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पैठण-दौलताबादच्या भागाचे रूप कॅमेऱ्याने टिपले. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी आलेल्या रॉबर्ट गिल यांची त्रिमितीदर्शक छायाचित्रे १८६४ साली पुस्तकरूपाने निघाली, तर निजामाचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी निजामी मुलखातील वास्तू टिपताना दौलताबादचा किल्लाही टिपला. हे सारे अल्बमच्या पानांत राहिले आणि पाने उलटण्याचा वेग पाहणाऱ्याच्या बोटांत होता.

भिंतीवर चित्र मोठे करून दाखवण्याची किमया कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी मदनराव पितळे यांच्या साहाय्याने साधली. त्यांच्या जादुई कंदिलाचे नाव ‘शांबरिक खरोलिका’, आणि त्याचे खेळ १८९२ पासून पुढे पाव शतक चालले. कंदिलाची रचना साधी असते: दिव्याचा प्रकाश एका भिंगाने एकवटून रंगवलेल्या काचेतून जातो आणि पुढचे भिंग ती प्रतिमा पडद्यावर पाडते, ही प्रतिमा उलटी पडत असल्याने काच उलटीच घालावी लागते. पटवर्धन पितापुत्रांनी बारीक फरकाच्या काचा झटपट पुढेमागे सरकवून पात्रांना हालचालही दिली, त्यामुळे मराठी प्रेक्षकाने फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या, म्हणजे १९१३ च्या कितीतरी आधी हलते चित्र पाहिले, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र काच बदलणारा हात आणि कथा सांगणारा आवाज यांचा मेळ येथेही माणूसच घालत होता.

पुढचे चित्र केव्हा यावे हे ठरवण्याची सत्ता घड्याळाकडे गेली ती स्वयंचलित स्लाइड प्रोजेक्टरमुळे, आणि आजच्या घरगुती पडद्यावर ती पुरती संगणकाकडे आहे. दौलताबादच्या किल्ल्यावरील सहलीच्या फोटोंचे संच पाहिल्यास तिचा परिणाम ध्यानात येतो. तो किल्ला मुळातच एका क्रमाने पाहावा लागतो: महाकोट, चांद मिनार, चिनी महाल, खंदक, ‘अंधारी’ नावाचा काळोखा भुयारी मार्ग आणि मग बारादरी. कॅमेरा प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये वेळ नोंदवतो, तिच्यावरून क्रम लावला की चढण तशीच उलगडते. अंधारीत फोटो फारसे येत नाहीत, म्हणून खंदकावरून एकदम बारादरीवर जाण्याची उडी तेवढी राहते. परंतु नातेवाइकांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोंतून ही नोंद गळते आणि फाइलच्या नावात उरते ती देवघेवीची तारीख व अनुक्रमांक. अशा वेळी बारादरीवर पोहोचलेले कुटुंब पुढच्याच चित्रात महाकोटाच्या दरवाजाशी तिकीट काढताना दिसते, आणि संगणकाला ‘यादृच्छिक’ म्हणजे कोणत्याही क्रमाने दाखवण्याची मुभा दिली असेल तर दिवाळीचा फराळही मध्येच येतो. म्हणून अशी व्यवस्था करणाऱ्याने प्रत्येक फाइलच्या नावाआधी ००१, ००२ असे आकडे घालणे उत्तम. चलचित्राला मात्र ठरलेल्या सेकंदांचे बंधन न घालता ते संपेपर्यंत चालू द्यावे, आणि उभ्या फोटोच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या काळ्या पट्ट्या खुशाल राहू द्याव्यात, कारण त्या भरण्यासाठी फोटो कापला की मिनाराचा शेंडाच पहिल्यांदा जातो.