दुसऱ्याचं लेकरू सांभाळायचंय? 'प्रतिपालकत्व' म्हणजे काय, कोणाला मिळतं, अर्ज कुठे करायचा? वाचा सविस्तर

गावात एखादं लेकरू आई-बापाविना उघड्यावर पडलं की कोणीतरी म्हणतंच, "राहू द्या आमच्याकडं, दोन घास खाईल." ही माणुसकी गावाकडं अजून टिकून आहे. पण नात्याबाहेरचं मूल परस्पर घरी ठेवून घेणं कायद्यात बसत नाही. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं, नोटरी केली, चार पंचांच्या सह्या घेतल्या, तरी त्या कागदाला दत्तक म्हणून किंमत नाही. उलट अडचण तुमचीच होते. अशा मुलाला रीतसर घरी आणण्याचा मार्ग सरकारने ठेवलेला आहे. त्याला 'प्रतिपालकत्व' किंवा 'फोस्टर केअर' म्हणतात. त्याची माहिती खाली देत आहोत.

प्रतिपालकत्व म्हणजे नेमकं काय?

ज्या मुलाला आई-वडील नाहीत, किंवा असूनही ते त्याला सांभाळू शकत नाहीत, अशा मुलाला बालगृहात ठेवण्याऐवजी एखाद्या कुटुंबात वाढू देणं म्हणजे प्रतिपालकत्व. आई-वडील दीर्घ आजारी आहेत, तुरुंगात आहेत, मुलाला सोडून गेले आहेत, अशी अनेक कारणं असतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ मध्ये ही तरतूद आहे. मूल कोणत्या घरी जाईल याचा आदेश जिल्ह्याची बाल कल्याण समिती देते. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात.

काही मुलं थोड्या काळासाठी येतात, म्हणजे वर्षभरापर्यंत. काही मुलं जास्त काळ, अगदी १८ वर्षांची होईपर्यंत राहू शकतात. घरची परिस्थिती सुधारली तर मूल आपल्या आई-वडिलांकडे परतही जाऊ शकतं. हे मनाशी पक्कं करूनच पुढे पाऊल टाका.

दत्तक आणि प्रतिपालकत्व यात फरक काय?

इथेच बहुतेकांचा घोळ होतो.

• दत्तक घेतलं की मूल कायद्याने कायमचं तुमचं होतं. नाव, वारसाहक्क सगळं मिळतं.
• प्रतिपालकत्वात तुम्ही सांभाळणारे असता. मुलाचं नाव, आडनाव, जात, त्याच्या आई-वडिलांच्या जमिनीवरचा त्याचा हक्क यात काहीही बदल होत नाही. मूल आणलं म्हणून त्याच्या वाट्याच्या शेतीवर तुमचा कसलाही अधिकार येत नाही.
• आई-वडील हयात असतील तर ते ठरावीक काळाने मुलाला भेटू शकतात. भेट मुलाच्या हिताची नाही असं समितीला वाटलं तरच ती थांबवली जाते.
• तान्हं बाळ यात मिळत नाही. २०२४ च्या केंद्राच्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६ वर्षांवरील मुलंच प्रतिपालकत्वात दिली जातात.

म्हणून "दत्तकाची रांग मोठी आहे, मग हा जवळचा रस्ता धरू" असा विचार करू नका. मात्र मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मोकळं असेल आणि ते तुमच्या घरी नीट रुळलं असेल, तर २ वर्षांनंतर त्याच मुलाला दत्तक घेण्यासाठी अर्ज करता येतो. पूर्वी ही अट ५ वर्षांची होती.

कोण प्रतिपालक होऊ शकतं?

• भारतीय नागरिक असावा.
• जोडपं असेल तर दोघांचीही संमती हवी आणि संसार किमान २ वर्षं स्थिर असावा. दोघांचं वय मिळून किमान ७० वर्षं हवं.
• एकटी व्यक्तीही अर्ज करू शकते. अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित कोणीही. वय किमान ३५ हवं.
• एकटी बाई मुलगा किंवा मुलगी दोघांपैकी कोणालाही सांभाळू शकते. एकट्या पुरुषाला मात्र मुलगी दिली जात नाही.
• स्वतःची मुलं आहेत म्हणून अर्ज नाकारला जात नाही.
• घरात गंभीर संसर्गजन्य आजार नसावा, गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी.
• मोठा वाडा किंवा बागायती शेती लागत नाही. पण मुलाला पोटभर जेवण, शाळा, दवाखाना आणि झोपायला सुरक्षित जागा मिळेल इतकी ऐपत हवी.

अर्ज कुठे आणि कसा?

१. जिल्ह्याच्या ठिकाणी महिला व बालविकास विभागाचा 'जिल्हा बाल संरक्षण कक्ष' असतो. पहिली चौकशी तिथेच करा. ऑनलाइन नोंदणी 'केअरिंग्ज' पोर्टलवर होते. मोबाईलवर जमत नसेल तर कक्षातले कर्मचारी मार्गदर्शन करतात.

२. कागदपत्रं तयार ठेवा: आधार कार्ड, रहिवासी पुरावा, उत्पन्नाचा दाखला, विवाह नोंदणी दाखला, वैद्यकीय तपासणीचा अहवाल, पोलीस पडताळणी, कुटुंबाचा फोटो.

३. कक्षाचे सामाजिक कार्यकर्ते घरी येतात. घर बघतात, घरातल्या प्रत्येकाशी बोलतात, शेजाऱ्यांकडेही चौकशी करतात. याला 'गृह अभ्यास' म्हणतात. यात लपवाछपवी करू नका. दारूचं व्यसन, भावकीतला वाद असल्या गोष्टी पुढे बाहेर येतातच, आणि त्यात भरडलं जातं ते लेकरू.

४. मूल आणि कुटुंब एकमेकांना जुळतं का हे पाहिलं जातं. मुलाचंही मत विचारलं जातं. सख्खी भावंडं असतील तर शक्यतो एकत्रच ठेवली जातात.

५. तुमच्याकडून हमीपत्र घेतलं जातं आणि समिती आदेश काढते. आदेश हातात पडल्यावरच मूल घरी आणायचं.

नंतरही समितीचं लक्ष असतं. कायद्यानुसार दर महिन्याला मुलाची पाहणी होते. शाळेत जातं का, वजन किती, घरात कोणी मारझोड करतं का, कामाला जुंपतं का, हे बघितलं जातं. सांभाळ नीट नसेल तर मूल काढून दुसऱ्या कुटुंबात दिलं जातं.

पैसे मिळतात का?

हो. 'मिशन वात्सल्य' अंतर्गत प्रतिपालकत्वासाठी एका मुलामागे दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. हे पैसे मुलाच्या खाण्या-पिण्यासाठी, शिक्षणासाठी आणि औषधपाण्यासाठी आहेत. सांभाळणाऱ्याचा पगार म्हणून याकडे पाहू नका.

मूल आजी-आजोबा, मामा, काका यांच्याकडेच असेल तर?

गावाकडं बहुतेक वेळा हेच होतं. मुलगा-सून गेले आणि नातवंडं म्हाताऱ्यांच्या गळ्यात आली, अशी घरं प्रत्येक तालुक्यात आहेत. अशा मुलांसाठी राज्य सरकारची 'क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना' आहे. यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलाला दरमहा २,२५० रुपये मिळतात. आई किंवा वडील यांपैकी एकच हयात असलेल्या मुलांनाही लाभ घेता येतो. आई-वडिलांचा मृत्यू दाखला, आधार, रेशन कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँक पासबुक आणि मुलासोबत घरासमोर काढलेला फोटो ही कागदपत्रं लागतात. त्यासाठीही जिल्हा बाल संरक्षण कक्षातच चौकशी करा.

या चुका महागात पडतात

• रीतसर प्रक्रियेशिवाय मूल दत्तक देणं-घेणं: ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही.
• पैसे देऊन मूल घेणं किंवा देणं: ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपये दंड. मध्ये पडणारा दलालही यात अडकतो.
• बेवारस मूल सापडलं आणि कळवलं नाही, तर तोही गुन्हा आहे. २४ तासांच्या आत कळवावं लागतं.

मूल सापडलं किंवा कोणाच्या घरी मुलाचे हाल होत असल्याचं दिसलं, तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा. फोन मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो. गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असते. तिथे किंवा अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील यांनाही सांगता येतं.

घरात जागा आहे, मनात माया आहे आणि "हे मूल उद्या परत जाऊ शकतं" हे सोसायची तयारी आहे, अशा कुटुंबांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन चौकशी जरूर करावी. ही माहिती गावातल्या ग्रुपवर पाठवा, कोणाच्या तरी कामी येईल.