हेमाडपंती देवळांची पेढी

यवतमाळ जिल्ह्यात काळ्या दगडाचे जुने देऊळ दिसले आणि ते कोणी बांधले असे विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते: हेमाडपंतांनी. कळंबचा चिंतामणी घ्या, यवतमाळजवळच्या लोहाऱ्याचा कमलेश्वर घ्या. सर्वांस एकच कर्ता. मोडी लिपीचे आणि बाजरीचे श्रेयही ज्यांच्या पदरी पडले आहे, त्यांस देवळांचे मिळावे ह्यात नवल नाही.

हेमाद्रिपंडित हे देवगिरीच्या महादेव व रामचंद्र ह्या यादव राजांचे श्रीकरणाधिप. महादेव गादीवर आला तो इ. स. १२६१ च्या सुमारास. पंतांचा 'चतुर्वर्गचिंतामणि' हा प्रचंड ग्रंथ व्रते, दाने, श्राद्धे ह्यांचा आहे; दगड कसा घडवावा ह्याचा नव्हे. आणि अंबरनाथचे शिवालय तर शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे, पंतांच्या दोनशे वर्षे आधीचे. त्यांनी देवळे बांधविली असतील, पण ही पद्धती त्यांची नव्हे.

मग ती कोणाची? ह्या प्रश्नाचा एक धागा यवतमाळ जिल्ह्यातच सापडतो. पुसद तालुक्यातील डोंगरगावचा शके १०३४ (इ. स. १११२) चा शिलालेख महामहोपाध्याय मिराशींनी प्रसिद्ध केला. तो परमार जगद्देवाच्या काळचा आहे. जगद्देव हा माळव्याच्या उदयादित्याचा पुत्र. आणि ज्या उदयपूरच्या उदयेश्वर मंदिराकडे भूमिज शैलीचा नमुना म्हणून बोट दाखविले जाते, ते ह्याच उदयादित्याने बांधविले. अंबरनाथही त्याच शैलीचे. माळव्याचा राजपुत्र वऱ्हाडात पोचला होता एवढे लेखावरून कळते; त्याच्यामागून सूत्रधार आणि पाथरवटही आले असावेत, हे आमचे अनुमान.

ह्या मंडळींस आम्ही पेढी म्हणतो ते केवळ गमतीने नव्हे. शिल्पग्रंथांत कामाची वाटणी स्पष्ट आहे: आराखडा ठरविणारा स्थपती, दोरीने माप धरणारा सूत्रग्राही, दगड-लाकूड तासणारा तक्षक, जुळणी करणारा वर्धकी. भोजराजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधारा'त तर स्थपतीच्या अंगी शास्त्र, कर्म, प्रज्ञा आणि शील हे चारही हवेत असे म्हटले आहे. शील हा गुण आमच्या काळच्या किती निविदांत मागितला जातो, हे वाचकांनीच सांगावे.

त्यांची रीत पाहावी. चौरस एका मध्यबिंदूभोवती थोडा थोडा फिरविला, की त्याच्या कोपऱ्यांतून तारकाकृती पाया उभा राहतो. भिंतीत चुना नाही. घडीव दगड खाचेत कुसू बसवून एकावर एक रचायचे, वजनानेच ते जागी राहतात. छतासाठी कमान नाही. चौकाच्या चारही कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकून आत लहान चौक करायचा, त्यावर पुन्हा तसाच, आणि शेवटचे भोक एका शिळेने झाकायचे. सगळा भार सरळ खाली उतरतो. ह्यात चूक झाकण्यास जागा नाही. सांधा चुकला तर तो दगड पुन्हा घडविण्यावाचून गत्यंतर नसे.

पण जीर्णोद्धाराच्या उत्साहात हे कोण पाहतो! एका गावी आम्ही असे देऊळ पाहिले, त्याचे सांधे सिमेंटने भरून वर तैलरंग दिला होता. ओल आत कोंडून दगडांच्या कडा सुटू लागल्या होत्या. वास्तविक चुना नसल्यामुळेच ढासळलेला भाग उतरवून, दगडांवर क्रमांक घालून, ते पुन्हा त्याच जागी बसविता येतात. आम्ही हे विश्वस्तांस समजावून सांगितले. त्यांतील एक वृद्ध गृहस्थ शांतपणे ऐकत होते, शेवटी म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, पटतं तुमचं. पण खाच पाहून दगड बसवणारा पाथरवट आता आणायचा कुठून?"